भागामायच्या भिंतीवरच्या सात रेघा

गिरजा,

तुला उचललं तेव्हा आपल्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मी तुझ्या उशाशी बसून रडत होते. खरंच रडत होते, उगाच नाही. आणि रडता रडताच माझ्या मनात आलं, मी मेले तर एवढी माणसं येतील का? आता तूच सांग, असं कुणाच्या मनात येतं? तू पडलेली, तुझा नवरा, आमचा धाकटा, भिंतीला टेकून बसलेला, आणि मी दाराकडं पाहत होते की अजून कोण कोण आत येतं. घाटंजीचा तो खानावळवाला, आठवडी बाजारात तुझ्याकडून अंडी घेणारा, तोसुद्धा सायकल हाणत आला. माझ्यासाठी कोण सायकल हाणणार?

मी ही अशी. तुला ठाऊक होतं, म्हणून लिहायला लाज वाटत नाही.

लिहायला बसले की शाळेतली भाषा येते माझ्या हातून. चौथी पास ना मी, गावाबाहेरच्या आपल्या सगळ्या वाड्यात वाचता-लिहिता येणारी एकटी बाई. तू समोर असतीस तर म्हणाली असतीस, "मोठीबाई, इतलं शुद्ध कायले बोलून राह्यल्या? पोटगिट दुखते काय?" मग मीही चिडून आपल्या बोलीवर आले असते. आता चिडवणारं कोणी नाही, तर राहू दे शुद्ध.

माझी धाकटी जाऊ म्हणून तू आलीस ती झाडीपट्टीतून, तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखातून. आमचा मुलूख कापसाचा, काळ्या भेगांचा. तुला इथली भाकर गिळेना, आणि सासूबाई म्हणायच्या, "लहानीले भात पायजे वं, राजाची लेक हाये." मला वाटलं, झालं, ही काही टिकत नाही. वर्षभरात सगळा वाडा तुझ्या मागं. तू कोणाला काही देत नव्हतीस, कोणाची वाहवा करत नव्हतीस, नुसती हसायचीस आणि विचारायचीस, "जेवल्या का?" एवढ्यावर बायका विरघळायच्या. मी पत्रं वाचून द्यायचे, अर्ज लिहून द्यायचे, मला म्हणायच्या, "मोठीबाई हुशार हाये." हुशार! हुशार बाईकडं कामाला येतात, बसायला येत नाहीत.

छप्पन साली तर तू कहरच केलास. नागपूरला दीक्षेला सगळा वाडा निघाला आणि माझे दिवस भरलेले, विमल पोटात. मी घरी. माझं धुऊन ठेवलेलं पांढरं लुगडं सासूबाईंनी तुला नेसवलं. तू परत आलीस तेव्हा त्याला धूळ लागलेली होती आणि तुझ्या तोंडावर काय तेज होतं! तू माझ्यापाशी बसून सगळं सांगितलंस, किती माणसं, कसा गजर, कसे सगळे रडले. मी डोळे मिटून पडून राहिले. तुला वाटलं झोप लागली. मी जागीच होते, ऐकत होते, आणि माझ्या लुगड्याचा राग तुझ्यावर काढत होते.

बदकं त्यानंतरची. गावाची जुनी कामं आपल्या लोकांनी सोडली, तर गावानं धान्य देणं सोडलं. वाड्यात चुली थंड. तेव्हा तू माहेरी गेलीस आणि टोपलीत बदकं घेऊन आलीस, तीन माद्या, एक नर. लोक हसून हसून लोळले. ढुंगण हलवत चालणारी ती जनावरं या कोरड्या गावात! मी सगळ्यात जास्त हसले. "गिरजा," मी म्हटलं, "यायले पाणी कुठून आणशीन? तुह्या डोळ्यातलं?" तू म्हणालीस, "आणू न कुठून तरी." एवढंच.

गावातल्या लोकांनी डोहात बदकं सोडायला मनाई केली, म्हणे पाणी खराब होतं. त्याच डोहात त्यांच्या म्हशी दिवसभर डुंबायच्या, त्यानं काही व्हायचं नाही. तू भांडली नाहीस. संध्याकाळी धाकट्याबरोबर घरामागं कुदळ मारायला लागलीस. दुसऱ्या दिवशी शेजारचे दोघे आले, तिसऱ्या दिवशी सगळा वाडा. पुरुष कामावरून आले की फावडी घेऊन तिकडं. नाल्याच्या कडेला डबकं झालं, चांगलं कमरेएवढं. त्यात माझा नवरा, विमलचा बासुद्धा होता बरं का. माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला दोन वर्षं दार नव्हतं, फळी लावून दगड ठेवायचे मी, तर ह्या माणसाला वेळ नव्हता. तुझ्या बदकांसाठी गुडघाभर चिखलात उभा! मी त्या दिवशी भाजीत मुद्दाम मीठ घातलं नाही. तो मुकाट जेवला.

आणि मग ती बदकं तुझी राहिलीच नाहीत, वाड्याची झाली. शेतातून येताना बायका पदरात गोगलगायी आणायच्या. ज्वारीचा कोंडा, धुतलेल्या दाण्याचं पाणी, उरलंसुरलं सगळं तुझ्या दारी. तू नियम केलास की बाळंतिणीला आणि दुखणाईताला अंडं आधी, मग बाजार. कोणी लिहिलं नव्हतं, कोणी ठराव केला नव्हता, पण वाडा तो नियम पाळायचा. एका म्हाताऱ्यानं विहारात सगळ्यांसमोर विचारलं होतं, पंचशील घेतल्यावर अंडं चालते का? तू मागून बोललीस, "बाबा, आंधी बाळंतीण उठू द्या, मंग इचार करू." सगळे हसले. मी मनात म्हटलं, हे मला का नाही सुचलं.

मग मानमोडी आली. माझ्या सतरा कोंबड्या चार दिवसांत माना टाकून गेल्या. वाड्यात सगळ्यांच्याच गेल्या, पण माझ्या जास्त होत्या आणि माझं घर त्यांच्यावर चालायचं. तुझ्या बदकांना काही झालं नाही. मी रात्रंदिवस शिव्या घातल्या, रोगाला नाही, बदकांना. रोज सकाळी माझ्या उंबऱ्यावर दोन अंडी. कोणी ठेवली ते सांगायची गरज नव्हती, वाड्यात एवढी मोठी अंडी दुसऱ्या कोणाची! मी विमलला उकडून द्यायचे आणि सांगायचे, कोंबडीचं आहे. तिनं हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "माय, ही कोंबडी किती मोठी असन वं?"

तुझा-माझा एक वाद शेवटपर्यंत राहिला. मी म्हणायचे, बदकाच्या अंड्याला चिखलाचा वास येतो. तू म्हणायचीस, "एक डाव नीट खाऊन तर पाहा, मोठीबाई." आता सांगते. खाल्ली होती. विमलच्या वाटणीतलं अर्धं अर्धं मी रोज खायचे, तिखटमीठ लावून. चिखलाचा वास येत नव्हता. फार चांगली लागायची, गिरजा. हे तुला सांगायला माझी जीभ कधी वळली नाही.

हे सगळं चालून गेलं असतं. जावाजावांत एवढं तेवढं असतंच. पण मला जे सांगायचं आहे ते हे नाही. ते भादव्यातल्या पुराच्या वर्षीचं आहे.

दीक्षेनंतरचं पाचवं वर्ष. नाला फुगला, तुझं डबकं आणि नाला एक झाले आणि बदकं निघाली पोहत. बुडली असती तर एक वेळ दुःख झालं असतं. ती मेली मजेत निघाली, आपण सगळे काठावरून ओरडतोय आणि ती मान ताठ करून खालच्या गावांकडं! तिथल्या लोकांनी आठ दिवस ताव मारला म्हणे. तुझ्याकडं पाच उरली. त्यांनी घातलेली अंडी तू विकली नाहीस, राखेत ठेवत गेलीस. बदकी अंड्यावर नीट बसत नाही, म्हणून तू घरोघरी गेलीस: कोणाची कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसायला आली आहे का? अकरा घरांनी कोंबड्या दिल्या. माझी बारावी. आता खुडूक कोंबडी द्यायची म्हणजे घरची पिल्लं सोडायची, पण कोणी नाही म्हटलं नाही. प्रत्येक कोंबडीखाली आठ अंडी. टोपल्यात, विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून, लोखंडाचा खिळाही ठेवला सगळ्यांनी, दीक्षा घेतली तरी तो खिळा सुटला नव्हता. तू पाहून हसलीस आणि राहू दिलास.

आपल्याकडं कोंबडी बसवली की बाई चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर पिल्लं निघायच्या एकवीस दिवसांच्या एकवीस रेघा ओढते आणि रोज एक पुसते. पिढ्यान् पिढ्यांची रीत. त्या दिवशीही सगळ्यांनी हाताच्या सवयीनं एकवीस ओढल्या. तेवढ्यात तुझ्या माहेराहून माणूस आला, बाप अत्यवस्थ. तू गाठोडं बांधता बांधता मला म्हणालीस, "मोठीबाई, बदकाले अठ्ठावीस दिवस लागते. लोकायले नाई मालूम. तुमी लिवल्या-वाचल्या हा, तुमचं आयकतीन. घरोघरी जाऊन सात रेघा अजून ओढून द्या." मी म्हटलं, जा तू, मी पाहते.

मी निघालेही. देवाशपथ म्हणायची सवय सुटली, पण निघाले होते, हातात कोळसा घेऊन. पहिलं घर भागामायचं. एकटी म्हातारी, एक कोंबडी, ती तिनं तुला दिलेली. मला पाहून तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "तुही जाऊ गेली काय वं? बापाची काळजी तिले, तरी आंधी माही कोंबडी पाहून गेली. अशी बाई ह्या वाड्यात झाली नाई. तू मोठी हायेस, शिकेल हायेस, पण तिच्यावानी तुले नाई जमणार." तिला वाईट काही म्हणायचं नव्हतं. सरळ मनाची बाई. पण माझ्या डोक्यात कोणी निखारा टाकला. मी कोळसा कमरेला खोचला. म्हटलं, "भागामाय, कोंबडी पाहाले आलती." आणि परत फिरले. पुढच्या दहा घरी गेलेच नाही.

घरी आले आणि जात्यामागच्या भिंतीवर, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, सात रेघा ओढल्या. माझ्यासाठी.

आता मी स्वतःला फसवत नाही, गिरजा. मला वाटलं होतं, सगळ्यांची अंडी जाऊ देत. माझ्या एकटीच्या घरी पिल्लं निघू देत. एकदा, एकदा तरी लोकांनी म्हणावं, मोठीबाईनं केलं.

एकविसावी रेघ पुसली गेली. बायका टोपल्यांपाशी बसून राहिल्या. बाविसाव्या दिवशी अंडी कानाशी धरून हलवू लागल्या. तेविसाव्याला म्हणू लागल्या, नासली. मी म्हणत होते, "पाहा बाप्पा, तुमचं तुमी." माझ्या तोंडून निघालेलं वाक्य आहे ते. चोविसाव्या दिवशी सगळ्यांनी अंडी उकिरड्यावर टाकली आणि कोंबड्या उठवल्या. भागामायनं मात्र टाकायच्या आधी एक फोडून पाहिलं. आत पिल्लू होतं. चोच, पाय, ओले पंख, सगळं. हललं आणि निपचित झालं. तिनं बाकीची सातही फोडली, वेड्यासारखी, कोणीतरी जिवंत निघेल म्हणून. मग रस्त्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "माह्या हातानं मेले. माह्या हाताले यश नाई." मी दारात उभी होते. मला सांगता आलं असतं. तेव्हा सुद्धा सांगता आलं असतं, तिच्या हाताचा काही दोष नाही म्हणून.

तू बापाला मातीआड करून सव्विसाव्या दिवशी आलीस. बायकांनी तुला वाटेतच गाठलं, सगळ्या एकदम बोलत होत्या. तू माझ्याकडं पाहिलंस. फार वेळ नाही, पदर सारखा करायला लागतो तेवढा वेळ. आणि तू लोकांकडं वळून म्हणालीस, "बदकाले अठ्ठावीस दिवस लागते, बायाहो. मी सांगाले इसरली. बाबाच्या घोरात होती. माही चुकी झाली."

वाडा काय म्हणाला असेल? बिचारी! बाप मरत होता, कुठं लक्षात राहणार! तुझ्या गळ्यात पडून रडल्या बायका. माझी चूक तू घेतलीस आणि त्या चुकीपायीसुद्धा लोकांनी तुझ्यावर मायाच केली. आणखी दोन दिवसांनी माझ्या कोंबडीखालून सहा पिल्लं निघाली. सगळा वाडा पाहायला आला. मला म्हणाल्या, "मोठीबाईची कोंबडी उठलीच नाई म्हणून वाचले." मला हवं होतं ते मिळालं होतं. तू सगळ्यात पुढं उभी होतीस, आणि तू म्हणालीस, "मोठीबाईच्या हाताले यश हाये."

त्या क्षणी मला तुझा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नाही. ओरडली असतीस, झिंज्या धरल्या असत्यास, वाड्यासमोर माझं माप काढलं असतंस, तर मी भांडले असते, रडले असते आणि मोकळी झाले असते. तू माझ्याकडं काहीच ठेवलं नाहीस. माझी चूकही तुझीच!

त्या सहा पिल्लांवर सगळा कळप पुन्हा झाला. चार वर्षं आपण एका अंगणात राहिलो, एका जात्यावर दळलं. त्या सात रेघा जात्यामागं होत्या, मी पुसल्या नव्हत्या. तू दळायला बसायचीस तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर असायच्या. तू कधी विचारलं नाहीस. मी कधी सांगितलं नाही. एकदा, मागच्या उन्हाळ्यात, तू डबक्याच्या काठावर बदकांना कोंडा टाकत होतीस आणि मी म्हटलं, "गिरजा, त्या वर्षीचं..." तू म्हणालीस, "मोठीबाई, तो नर लंगडून राह्यला, पाहा बरं." मी नराकडं पाहिलं. तो काही लंगडत नव्हता.

आणि मग हा ताप. आठ दिवसांत तू नाहीस. मला वाटलं होतं आपल्याला म्हातारपण आहे, केव्हा तरी बोलू.

तू गेल्याच्या पाचव्या दिवशी बायका माझ्या दारी आल्या. प्रत्येकीच्या काखेत कोंबडी. खुडूक झालेल्या. तू राखेत ठेवलेली अंडी धाकट्यानं जशीच्या तशी दाखवली, तू त्यांच्यासाठीच जमवत होतीस. बायका म्हणाल्या, "मोठीबाई, आता बदकं तुमीच पाहा. तुमच्याच हाताले यश हाये, गिरजा म्हणत होती." सगळ्या होत्या, भागामाय नव्हती. त्या वर्षानंतर तिनं कोंबडी बसवलीच नाही. खुडूक झाली की पाण्यात बुडवून उठवायची.

आयुष्यभर जे मागत होते ते काखेत घेऊन आल्या होत्या बायका. मी चुलीतला कोळसा घेतला आणि टोपलीत आठ अंडी आणि काखेत माझी खुडूक कोंबडी घेऊन भागामायकडं गेले.

ती म्हणाली, "माह्याकडं नको वं माय. माह्या हातानं..."

मी तिच्या भिंतीवर रेघा ओढायला लागले. एकवीस झाल्या. ती पाहत होती. मी आणखी सात ओढल्या.

"ह्या सात कायच्या?"

"बदकाच्या. गिरजानं सांगतलं होतं."

"हाव, मंग इसरली होती न ते बिचारी."

"इसरली नव्हती, भागामाय. जाताना मले सांगून गेलती. ह्याच भिंतीवर ओढाले मी आलती, कोळसा घेऊन. तू तिले चांगलं म्हटलं अन् मले पाह्यवलं नाई. मी जळली. तुह्या हाताचं काई नव्हतं. पिल्लं तुह्या हातानं नाई मेले."

म्हातारी खाली बसली. तिनं आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मला वाटलं आता शाप देईल, आणि मला तो पाहिजे होता. ती म्हणाली, "चार वर्सं, मोठीबाई. चार वर्सं मी ह्या हातानं कोणाच्या लेकराले उचललं नाई." मग कोंबडी मागितली. टोपल्यात गवत सारखं केलं, अंडी एकेक करून मांडली, आणि मी निघाले तेव्हा म्हणाली, "मले एकलीले सांगून भागणार नाई. समद्यायले सांगजो."

सांगितलं. अकराही घरी सांगितलं, आणि प्रत्येक घरी अठ्ठावीस रेघा ओढल्या. दोघींनी माझ्या तोंडावर दार लावलं, पण कोंबडी आधी बसवून घेतली. एक जण थुंकली. विमलचा बा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. धाकटा नुसता म्हणाला, "तिनं मलेबी नव्हतं सांगतलं, वयनी." म्हणजे तू नवऱ्यालाही सांगितलं नाहीस! माझी चूक तू अशी जपून ठेवलीस, जशी कोणी दुसऱ्याची ठेव ठेवतं. पण ती माझी होती, गिरजा. मी परत घेतली. तुला दिसत असेल तर हस खुशाल.

आज बाविसावा दिवस. सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. मी घरोघर फिरून आले. जिथं दार लावलं होतं तिथं खिडकीतून पाहिलं. एकाही घरी कोंबडी उठवलेली नाही, एकीनंही अंडं कानाशी धरलं नाही. मी भागामायला विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, "कायची भीती? गिरजानं अठ्ठावीस सांगतले."

सगळ्या हेच म्हणतात. रेघा मी ओढल्या, सांगितलं मी, शिव्या मी खाल्ल्या, आणि विश्वास तुझ्यावर.

अजून जळते मी, गिरजा. घरी येऊन तुझ्या कोंड्याच्या टोपलीपाशी बसले आणि पोटभर जळले. मग उठले, बदकांना कोंडा टाकला आणि जात्यामागच्या भिंतीवरची आजची रेघ पुसली. सहा राहिल्या.